खाऱ्या पाण्याची रीफ टाकी नव्या घरी नेताना: बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे मासे आणि जिवंत प्रवाळ (कोरल) ठेवलेली काचेची टाकी, सांभाळणारी मंडळी मोजकीच आहेत, पण त्यांतलं कोणी ना कोणी घर बदलत असतंच. दांडिया बाजार, रावपुऱ्यातलं जुनं घर सोडून कोणी वासण्याला जातं, कोणी गोत्री-भायलीला फ्लॅट घेतं. मग फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. खालची उत्तरं चार फुटी, साधारण तीनशे लिटरची टाकी आणि शहरातल्या शहरात तासाभराचं अंतर धरून दिली आहेत. तुमची टाकी लहान असेल तर काम कमी, पण क्रम तोच.

टाकी हलवण्याचा खटाटोप करावा, की सगळं विकून नव्या घरी नव्यानं सुरू करावं?

टाकी दोन-तीन वर्षं नीट चाललेली असेल तर हलवा. काच आणि स्टँड बाजारात कधीही मिळतात. मुरलेला लाइव्ह रॉक मिळत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू या दगडांच्या भोकाभोकांतून वसलेले असतात. ती वसाहत शाबूत पोचली तर टाकी पोचली. बाकीचं सगळं काम तिच्यासाठी आहे.

काच मात्र डोळे मिटून हलवू नका. टाकी दहा-बारा वर्षांची असेल, सांध्यांतलं सिलिकॉन पिवळं पडलं असेल किंवा कडेनं सुटायला लागलं असेल, तर नवी टाकी बनवून घ्या आणि जुन्यातले फक्त जीव आणि दगड हलवा. हा मार्ग एरवीही सोपा पडतो. नव्या घरी पाणी भरून, तापमान जुळवून टाकी तयार ठेवता येते आणि त्या दिवशीची निम्मी धावपळ वाचते. पैसे असतील तर मी हेच सुचवेन.

तयारी कुठून सुरू करायची?

पाण्यापासून. खोके, टेम्पो, हमाल हे सगळं नंतर.

टाकी आणि संप (टाकीखालचा, फिल्टरची उपकरणं ठेवायचा डबा) मिळून साडेतीनशे लिटर पाणी असेल तर किमान दोनशे लिटर नवं खारं पाणी नव्या घरी आधीच तयार हवं. सॉल्ट मिक्स, म्हणजे टाकीसाठीचं तयार मीठ, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे दोनशे लिटरला साडेसात किलोच्या आसपास. मिसळल्यावर निदान एक दिवस पॉवरहेड (पाण्यात प्रवाह करणारा छोटा पंप) आणि हीटर लावून ते फिरत ठेवा. नुकतं कालवलेलं पाणी कोरलना झोंबतं.

खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ, आणि तापमान २५-२६ अंश. याहून महत्त्वाचं म्हणजे हे आकडे *तुमच्या* जुन्या टाकीशी जुळले पाहिजेत. जुनी टाकी वर्षभर १.०२४ वर सुखात असेल तर नवं पाणीही १.०२४ चंच करा. सुधारणा पुढच्या महिन्यात. अल्कलिनिटीचंही (पाण्यातल्या कार्बोनेटच्या प्रमाणाचं, एकक डीकेएच) तेच: जुन्यात ८ डीकेएच आणि नव्या मिक्समध्ये ११ निघाली, तर टणक कोरलची टोकं पांढरी पडलेली दिसतात आणि मग दोष टेम्पोच्या धक्क्यांना दिला जातो.

रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) आधी ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर तपासून घ्या. नुसत्या साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून तो वरच्या आकड्यांना बरोबर दाखवेलच असं नाही.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल का?

जसंच्या तसं नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती आरओत चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, म्हणजे गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळलं जातं. काहींत वर खनिजांची कांडीही असते. आपल्या पोटाला ते बरं, टाकीला नाही. कंट्रोलर पूर्ण बंद करून, मेंब्रेननंतरची नळी वेगळी काढून, पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणारी) नळकांडी जोडली तर मीटरवर शून्य दिसेल. तेच पाणी घ्यायचं.

वेळेचं गणित मात्र करा. ७५ गॅलनचं मेंब्रेन कागदावर दिवसाला २८० लिटर देतं. प्रत्यक्षात दाब कमी, पाणी थंड, मेंब्रेन जुनं, त्यामुळे दोनशे लिटरला दोन दिवस धरा. महापालिकेचं महीचं किंवा आजव्याचं पाणी असेल तर रेझिन बराच काळ टिकतं. बाहेरच्या वस्तीत बोअरचं जड पाणी असेल तर तेच रेझिन भराभर संपतं. नव्या घरचं पाणी जुन्यासारखंच असेल हे गृहीत धरू नका. किल्ली हातात आली की पहिल्याच फेरीत टीडीएस मीटर खिशात घालून जा.

आम्ही नाहीतरी कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जाणार आहोत. येताना समुद्राचं पाणी चार कॅन भरून आणलं तर?

हा प्रश्न दर वेळी येतो, आणि विचारणारा दर वेळी गंमत म्हणून विचारतो असंही नाही. आणू नका. खंबातच्या आखातात मही, नर्मदा, तापी, साबरमती अशा नद्या गाळ आणून ओततात. भरती-ओहोटी इतकी मोठी की तो गाळ कधी खाली बसतच नाही. भरतीला देऊळ बुडतं तेव्हा पाण्याचा रंग पाहिला असेलच, चहासारखा. पावसाळ्यात खारेपणाही उतरलेला असतो. शिवाय वरच्या किनाऱ्याला आणि दहेजला रासायनिक कारखाने आहेत. प्रवाळ असल्या पाण्यात वाढत नाहीत. गुजरातेत ते आहेत ते तिकडे कच्छच्या आखातात, पिरोटन-नरारा भागात.

दर्शन घ्या, पाणी तिथंच राहू द्या.

मग साधं मीठ? खडेमीठ तर शुद्ध असतं.

नाही. ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. कोरलना कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट लागतं, ते त्यात जवळपास नसतंच.

कोणत्या महिन्यात हलवावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बडोद्याचा मे महिना म्हणजे दुपारी चाळीसच्या वरचा पारा. बंद टेम्पोत वीस लिटरची बादली तासाभरात तिशी ओलांडते. मुळात खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू अठरा-वीस टक्के कमी विरघळतो, आणि पाणी तापलं की आणखी कमी. मासा उन्हानं मरण्याआधी गुदमरतो.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. काळा घोडा पुलापाशी विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. रस्ते बंद, वीज बंद, तळमजले पाण्यात. नवं घर नदीच्या बाजूला, तळमजल्यावर असेल तर टाकीचं स्टँड, संप आणि विजेच्या जोडण्या किती उंचीवर ठेवायच्या हे आधीच ठरवा. इन्व्हर्टर जमिनीवर ठेवण्याची सवय तर आजच सोडा.

उन्हाळ्यात हलवणं टळतच नसेल तर पहाटे पाचला सुरू करा, एसी गाडी घ्या, आणि थर्माकोलच्या खोक्यांत बादल्या बसवा. बर्फाच्या पिशव्या पाण्यात टाकायच्या नाहीत, खोक्यात बाहेरून ठेवायच्या.

नव्या फ्लॅटची स्लॅब वजन पेलेल का?

चार बाय दीड बाय दोन फुटी, १२ मिलिमीटर काचेची टाकी नुसतीच ऐंशी किलोच्या घरात जाते. पाणी, दगड, वाळू, संप, स्टँड धरून पाचशे-साडेपाचशे किलो. राहत्या घराच्या मजल्याचा चलभार भारतीय मानकात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो धरतात. तुमची टाकी उभी राहते त्या अर्ध्याहून थोड्या जास्त चौरस मीटरवर भार त्याच्या कितीतरी पट. म्हणून लगेच स्लॅब कोसळते असं नव्हे, कारण तो आकडा पूर्ण खोलीत पसरलेला भार गृहीत धरतो. पण टाकी खोलीच्या मधोमध ठेवायची नाही. भिंतीलगत, तुळईच्या जवळ, आणि लांबी तुळयांना आडवी येईल अशी ठेवायची. पाच फुटांच्या पुढची टाकी असेल किंवा इमारत जुनी असेल, तर बिल्डरच्या माणसाला नको, स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. बिल्डरचा माणूस कशालाही "हो" म्हणतो.

सासूबाई म्हणतात ईशान्येलाच ठेवा. ठेवावी का?

ईशान्येला थेट ऊन येत नसेल, स्विचबोर्ड जवळ असेल आणि खाली तुळई असेल, तर जरूर ठेवा. घरात शांतता राहिली तर टाकीकडेही सगळ्यांचं लक्ष राहतं. पण तिथं सकाळी तीन तास ऊन येणारी खिडकी असेल तर जाड पडदा आधी लावा, नाहीतर शेवाळ आणि तापमान दोन्ही चढतील. स्वयंपाकघराच्या दाराशी नको. फोडणीचा तवंग पाण्यावर बसतो आणि स्किमरचा (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) फेस बसून जातो.

वास्तुशांत आधी की टाकी आधी?

वास्तुशांत आधी. याबाबतीत मी हट्टी आहे.

होमाचा धूर बंद हॉलमध्ये दोन-तीन तास राहतो, आणि स्किमर त्याच खोलीतली हवा ओढून पाण्यात बुडबुड्यांनी कालवतो. वर पन्नास माणसं, खिडक्या बंद, एसी चालू: हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. मुलं काचेवर हात आपटतात, एखादे काका कौतुकानं पेढ्याचा तुकडाही टाकतात. हे सगळं उरकू द्या, घर दोन दिवस उघडं ठेवा, मग टाकी आणा. टाकी आधीच पोचली असेल तर त्या दिवशी स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर सोडा आणि टाकीवर चादर टाका.

याहून घातक गोष्ट म्हणजे पेस्ट कंट्रोल. नव्या फ्लॅटला वाळवीची आणि झुरळांची फवारणी करून घ्यायची पद्धतच आहे. त्यात बहुधा पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात. माणसाला सौम्य, माशाला विषारी, आणि कोळंबी-खेकड्याला तर नखभरही पुरतात. फवारणी करायचीच असेल तर टाकी येण्याआधी दोन-तीन आठवडे उरका, नंतर फरशी पुसून घ्या. पुढे झुरळांच्या जेलवर भागवा. डासांचं लिक्विड मशीन त्या खोलीत लावू नका. ताज्या तैलरंगाचा आणि पॉलिशचा वास नाकाला येतोय तोवर टाकी भरायची नाही.

मूव्हर्स-पॅकर्सवाले म्हणतात आम्ही सगळं नेतो. त्यांच्यावर सोडलं तर?

काच, स्टँड, चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) त्यांना नेऊ द्या. जीव आणि दगड स्वतःच्या गाडीत. ट्रकमध्ये त्यांचा तुमच्या सोफ्याशेजारी नंबर कितवा लागेल आणि वाटेत चहाला गाडी किती वेळ उन्हात उभी राहील, हे तुमच्या हातात नसतं.

हमालांना तीन गोष्टी उभं राहून सांगा. टाकी तळातून उचलायची, वरच्या कडेला धरून नाही. आत एक दगडही नसावा, तळाशी दोन इंच पाणीसुद्धा नसावं, कारण चालताना ते पाणी एका बाजूला धावतं आणि सांध्यावर ताण येतो. जिन्यात टाकी टेकवायची झाली तर थर्माकोलच्या जाड शीटवर. टाकी लिफ्टमध्ये मावते का ते टेप लावून आधी पाहा. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, ऐन वेळी मालाला लिफ्ट बंद असते. चिलर उभाच न्या. आडवा झालाच तर पोचल्यावर एक दिवस उभा ठेवून मग चालू करा.

बादल्या, पिंपं कोणती घ्यावीत?

नवी, खाद्यपदार्थांसाठीची, घट्ट झाकणाची. बडोद्यात जुनी निळी पिंपं स्वस्त मिळतात आणि मोह होतो. मकरपुरा, नंदेसरीच्या कारखान्यांत त्यात काय भरलं होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रंगाच्या बादल्याही नकोत. साबण लागलेली घरातली बादली तर अजिबात नको.

दीडशे-दोनशे लिटरचं मोठं पिंप भरून उचलता येत नाही, हे भरल्यावर लक्षात येतं. वीस-वीस लिटरच्या जास्त बादल्या बऱ्या.

त्या दिवशी नेमका क्रम काय?

दोन दिवस आधीपासून माशांना खायला देऊ नका. उपाशी मासा प्रवासात पाणी घाण करत नाही. आदल्या रात्री दगडांच्या रचनेचे फोटो काढून ठेवा, समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून.

सकाळी पहिला हीटर बंद, आणि पंधरा मिनिटांनी बाहेर. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की तडकतो. मग काहीही न हलवता वरचं स्वच्छ पाणी नळीनं बादल्यांत काढा. हे पाणी नेण्याचं आहे. ढवळल्यावर निघणारं पाणी फेकायचं आहे, म्हणून हा क्रम उलटा झाला तर सगळंच गढूळ. त्यानंतर सुटी कोरल, मग दगड, आणि पाणी चार-सहा इंच उरलं की मासे. भरल्या टाकीत माशामागे जाळी घेऊन धावू नका. टँग मासा दगडांवर अंग घासून घेतो आणि तुम्ही कोरल मोडता. दगड निघाले की सगळे मासे आपोआप उघड्यावर येतात, दोन जाळ्यांत पाच मिनिटांत हाती लागतात.

दगड काढताना घाई नको. प्रत्येक दगड पाण्यातून उचलला की बादलीवर मिनिटभर आडवा-उभा फिरवून धरा. पाणी निथळायला लागतं, भोकातून आधी एखादा ब्रिसल वर्म (काटेरी किडा) लोंबतो, मग तुम्ही हात खाली घ्यावा एवढ्यात आत दडलेला गोबी किंवा सिक्सलाइन रॅस मासा टपकन बादलीत पडतो. हे न करता दगड थेट दगडांच्या पिंपात गेला तर वरच्या दगडाखाली मासा चेपतो, आणि संध्याकाळी "एक मासा सापडत नाही" म्हणून शोधाशोध सुरू होते. वाळूत शिरून झोपणारे रॅस असतील तर वाळू काढेपर्यंत मोजणी पूर्ण झाली असं समजू नका.

हातमोजे घाला. ब्रिसल वर्मचे काटे बोटात शिरले की चिकटपट्टीनं ओढून काढावे लागतात.

नव्या घरी क्रम उलट: स्टँड, स्पिरिट लेव्हल लावून सपाटी, टाकी, थोडं पाणी, दगड, बाकी पाणी, प्रवाह आणि हीटर सुरू, मग कोरल. मासे शेवटी, पाणी निवळल्यावर, संध्याकाळी उशिरा झालं तरी चालेल. तोवर ते आपल्या बादलीत हवेच्या पंपावर ठीक असतात. खरी घाई दगडांची असते.

दगड हवेत किती वेळ राहू शकतो?

जिवाणू ओलाव्यात काही तास सहज तग धरतात. खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलं तर आणखी. पण दगडाच्या पोटात स्पंज नावाचे जीव असतात, त्यांच्यात हवा शिरली की ते मरतात, कुजतात, आणि दोन दिवसांनी अमोनिया वर येतो. म्हणून तासाभराच्या प्रवासाला दगड पाण्यात बुडवूनच न्या. वजन वाढेल, वाढू द्या.

जुनी वाळू परत वापरायची ना?

माझं मत: नाही. यावर मित्रांशी वाद झाले आहेत, पण मत बदललेलं नाही.

वाळूच्या वरच्या सेंटिमीटरभर थरात जिवंतपणा असतो. खाली जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे वर्षानुवर्षांचा गाळ साठतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. काचेतून काळे पट्टे दिसतात ते हेच, आणि उकरल्यावर सडलेल्या अंड्याचा वास येतो. टाकी जागच्या जागी असताना हे सगळं दडून राहतं. तुम्ही ती वाळू फावड्यानं काढून, बादलीत खदखदवून, नव्या टाकीत ओतली की सगळा गाळ एकदम पाण्यात येतो. टाकी हलवल्यावर मासे मेले अशा तक्रारींत मला आधी वाळूचीच चौकशी करावीशी वाटते.

नवी ॲरागोनाइट (चुनखडीची) वाळू आणा, धुवा, दीड-दोन इंचांहून जाड थर देऊ नका. जुन्या वाळूच्या अगदी वरच्या थरातली वाटीभर वेगळी काढून नवीवर शिंपडा, तेवढं विरजण पुरतं. जुनीच वापरायची असेल तर खाऱ्या पाण्यात, पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा, आणि मग त्यात जिवाणू उरलेत असं मानू नका.

जुनं पाणी किती न्यावं?

निम्मं, स्वच्छ असेल तेवढं. पाण्यात जिवाणू फारसे नसतात, ते दगडावर आणि फिल्टरच्या स्पंजवर असतात. जुन्या पाण्याचा उपयोग रसायन जुळवण्यापुरता. वाहतूक अवघड असेल तर सगळं नवं पाणीही चालतं, आकडे जुळले पाहिजेत.

कॅनिस्टर (बंद डब्याचा) फिल्टर असेल तर तो भरलेला, बंद करून नेऊ नका. आत प्राणवायू संपतो, जिवाणू मरतात, आणि नव्या घरी तो चालू केल्यावर ते सडकं पाणी टाकीत येतं. आतलं साहित्य काढून उघड्या बादलीत, खाऱ्या पाण्यात न्या.

ॲनिमोनी (समुद्रफूल) दगडाला चिकटून बसलाय. ओढून काढू?

ओढू नका. पाय फाटला की तो बहुधा वाचत नाही. लहान दगड असेल तर दगडासकट न्या. नाहीतर पॉवरहेडचा झोत पायावर सोडा, किंवा पिशवीत घातलेला बर्फाचा खडा पायाच्या कडेला धरा, कडा सुटायला लागली की नखानं हळूहळू सोडवा. हे आदल्या दिवशी करा. प्रवासात तो वेगळ्या पिशवीत, क्लाउनफिशची जोडी वेगळ्या. नव्या घरी पहिले दिवस तो फिरतो, म्हणून पॉवरहेडच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी बांधा.

झोआंना हात लावला तर विष चढतं म्हणतात, खरं का?

झोआ (छोट्या फुलांसारखे दिसणारे मऊ कोरल) आणि त्यांच्या पॅली जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, आणि ते गंभीर असतं. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, हातावर जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. पॉलिप (ही फुलं) चिरडले तर पिचकारी डोळ्यात जाते. दगड साफ करायला उकळत्या पाण्यात कधीही टाकायचा नाही. वाफेतून विष फुप्फुसात जातं आणि अख्खं घर दवाखान्यात पोचतं. लहान मुलांना आणि मांजराला त्या दिवशी आजीकडे पाठवा.

बाकी कोरल कशी काढायची?

हॅमर, टॉर्चसारखी मांसल कोरल पाण्यातच हातानं वारा घातल्यासारखं करून मिटवा, मगच वर काढा. फुललेल्या अवस्थेत उचलली तर पाण्याच्या वजनानंच मांस सांगाड्यावर फाटतं. लेदर कोरल चिकट स्राव सोडतात, त्यांना वेगळी बादली. बाकीच्यांचं पुष्कळसं भागतं.

मासे पिशवीत की बादलीत?

तासाभराला झाकणाच्या बादलीत, बॅटरीवरच्या एअर पंपासह. भांडखोर जोड्या एकत्र नकोत. फायरफिश उड्या मारतो, झाकण विसरू नका. पिशवीत न्यायचं तर एक तृतीयांश पाणी, बाकी हवा.

मुंबईपर्यंतचा, चारशे किलोमीटरचा प्रवास असेल तर गोष्ट बदलते. पिशवीत ऑक्सिजन भरून घ्या आणि पोचल्यावर थेंब-थेंब पाणी घालून दोन तास जुळवत बसू नका. बंद पिशवीत श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून बंद पिशवी वीस-तीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, खारेपणा आधीच सारखा ठेवलेला असेल, उघडल्याबरोबर मासा जाळीनं टाकीत आणि पिशवीतलं पाणी मोरीत.

नव्या घरच्या विजेचं काय पाहावं?

टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का. अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का, की नुसतंच तिसरं भोक आहे. प्रत्येक वायर प्लगमध्ये जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर जाऊ दे, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडतं, प्लगमध्ये जात नाही. इन्व्हर्टरवर फक्त एक पॉवरहेड ठेवा. वीज गेल्यावर टाकीला आधी प्रवाह लागतो, दिवे नाही लागले तरी चालतं.

सगळं लागलं. आता पुढचे दिवस?

आठवडाभर रोज अमोनिया तपासा. ०.२५ पीपीएम (दहा लाखांत पाव भाग) दिसला तर वीस-पंचवीस टक्के पाणी बदला. त्यासाठी पन्नास-साठ लिटर खारं पाणी शिल्लक ठेवलेलं असावं, हे लोक हमखास विसरतात. जिवाणूंची बाटली घालायची तर घाला, नुकसान नाही. ॲक्टिव्हेटेड कार्बन चालू ठेवा. स्किमर पहिले दिवस फसाफसा उतू जाईल, कप खालच्या पातळीला लावा.

दिवे निम्म्यावर, आठवडाभरात हळूहळू पूर्ववत. खाणं पहिल्या दिवशी नाही, नंतर अर्धं. मँडरिनसारखा मासा असेल तर त्याला दगडावरचे बारीक कोपेपॉड लागतात आणि ते हलवाहलवीत घटलेले असतात, त्याच्या पोटाकडे लक्ष ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी थर येईल. ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. येतात, जातात. औषध घालू नका. तांबं असलेलं कुठलंही औषध तर रीफ टाकीत कधीच नाही.

चार दिवस झाले, लेदर कोरल उघडतच नाही.

उघडेल. लेदर आठ-पंधरा दिवस मेणचट कात टाकत मिटून बसतं. त्याची जागा रोज बदलू नका. वास येऊ लागला किंवा मांस विरघळून सुटायला लागलं तरच बाहेर काढा.

कायद्याची काही भानगड?

आहे, आणि ती गंभीरपणे घ्या. भारतीय समुद्रातले प्रवाळभित्ती बांधणारे टणक कोरल, समुद्रघोडे आणि समुद्रकाकडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. जामनगरचं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ चं. तिथून उचललेला कोरलचा तुकडा "मेलेलाच होता" म्हणून चालत नाही. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या (साइट्स) यादीतले जिवंत परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि टणक कोरल त्या यादीत आहेत. खरेदीची बिलं आणि आयातीचे कागद घराच्या दस्तऐवजांच्या फाइलीत ठेवा, टेम्पोत नाही. नोंद केलेली असेल तर पत्ता बदलल्याचं वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

जुन्या घरी उरलेलं शे-दीडशे लिटर गढूळ पाणी कुठे टाकू?

मोरीत, आणि वरून दोन बादल्या साधं पाणी. अंगणातल्या झाडांना नको, मिठानं जमीन खराब होते आणि घरमालक डिपॉझिट अडवून धरतो. सुरसागरात किंवा विश्वामित्रीतही नको. जुनी वाळू वाहत्या नळाखाली धुऊन कोरडी केलीत तर बांधकामवाला फुकट घेऊन जाईल असं वाटतं, पण खारी वाळू सिमेंटात गेली की आतल्या सळईला गंज चढतो. तिला कचऱ्याच्या गाडीतच घाला.